बिनदाराचं दुकान

दुकानाला दार ठेवायला मी विसरलो. भोरला रेल्वे काही आली नाही, म्हणून मी ती माझ्या टेबलावर आणली आणि खेळण्यातल्या स्टेशनासमोर आमच्या चाचांचं किराणा दुकान बांधलं, काड्यापेटीएवढं. पुड्यांच्या माळा, तांदळाची पोती, काउंटरमागे मातीचे चाचा, आणि वर पत्रा पक्का चिकटवलेला. मग शाबासकीच्या आशेनं खऱ्या चाचांनाच बोलावलं.

चष्मा कपाळावर सरकवून ते वाकले. "माळा लई झ्याक. अन् ह्यो म्या?"

"व्हय तर!" मी फुगलो.

"मंग म्या आत शिरलो कुठनं?"

काउंटर दोन्ही भिंतींना भिडला होता. मी म्हणालो, "चाचा, तुम्ही सकाळीच येऊन बसलायत."

"रेल्वेचं ऱ्हाऊ द्या, राव. आधी मला जेवायला घरी सोडा."