हाताने चढवलेलं मॉड्युल

मला भाऊ नाही. कोलशेतच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा तो कोपरीचा मुलगा, त्याला ही नोकरी मीच मिळवून दिलेली. पहिल्याच वर्षी भाऊबीजेला तो डोंबिवलीला आमच्या घरी आला आणि मग दर वर्षी येत राहिला. आई त्याच्यासाठी आठवणीने ओल्या नारळाच्या करंज्या करायची. हे आधी सांगते, कारण त्याने पुढे जे केलं ते नुसत्या सहकाऱ्याने केलं असतं तर चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते.

आमच्याकडे व्हॉल्व्ह तपासतात. पाण्याचा किती दाब सोसला, कुठे गळला, हे संगणक टिपतो. त्या संगणकांची सिस्टीम मी बसवली. तिची रीत अशी, की यंत्रात काय काय हवं ते एका फाईलमध्ये लिहायचं आणि यंत्र त्या फाईलबरहुकूम स्वतःला उभं करतं. लोक थट्टा करायचे, मॅडमच्या फाईलला विचारल्याशिवाय इथे पंखासुद्धा फिरत नाही. करेनात का. माझी यंत्रं बंद पडत नव्हती.

नवा दाबमापक आला आणि सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नेल, त्याला ओळखेना. त्यासाठी एक जादा मॉड्युल, म्हणजे ओळख करून देणारा छोटा प्रोग्राम, चढवावं लागणार होतं. फाईलमध्ये त्याच्या नावाची ओळ लिहिली की यंत्र सुरू होताना ते दर वेळी आपणहून चढतं. एक आज्ञा टाइप करून हातानेही चढवता येतं, पण मग वीज गेली की ते गेलं. आणि शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी, लाइनची दुरुस्ती, त्यामुळे आमच्याकडे वीज दर शुक्रवारी जातेच. म्हणून माझा एकच नियम होता, हाताने काही चढवायचं नाही. हा नियम मी त्याला माझ्या शेजारी बसवून शिकवला होता.

त्याच आठवड्यात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. शनिवारी बाहेरचे पाहुणे नवं यंत्र बघायला येणार होते. साहेब म्हणाले होते, "पाहुण्यांचं नीट पार पडलं, की आंबिवलीचा नवा विभाग तुम्ही सांभाळा." आंबिवली म्हणजे कोलशेतच्या निम्मा प्रवास, संध्याकाळी वेळेवर घरी, आईच्या डोळ्यांत औषध घालायला शेजारणीची मनधरणी नको. मला तो विभाग हवा होता, अगदी मनापासून. ती एक ओळ मी त्याच्यावर सोपवली आणि रजेवर गेले.

गुरुवारी दवाखान्यातून मी फोन केला. "ओळ टाकलीस ना रे फाईलमध्ये?"

"टाकली गं ताई, मस्त चालतंय. तू काकूंकडे बघ."

सोमवारी कामावर आले तर साहेबांनी आत बोलावून घडलेलं सांगितलं. शनिवारी पाहुण्यांसमोर दाबमापक मुका. सगळे एकमेकांकडे बघत असताना तो पुढे झाला, म्हणाला, "ताईंच्या फाईलमध्ये ते मॉड्युलच नाहीये," आणि काहीतरी टाइप केलं. यंत्र चालू. पाहुणे खूश.

"मॅडम, घरची अडचण समजू शकतो," साहेब म्हणाले, "पण माणूस प्रसंगाला उभा राहायला हवा." आंबिवली त्याला मिळालं होतं.

मी फाईल उघडली. ओळ खरंच नव्हती. तो साहेबांशी खोटं बोलला नव्हता, खोटं बोलला होता माझ्याशी.

चहाच्या वेळी त्याला गाठलं. "टाकली म्हणालास ना?"

"अगं, घाईत हाताने चढवलेलं. गुरुवारी चाललं ना? मग ओळ टाकायची राहून गेली, आणि शुक्रवारी वीज गेली."

"मग शनिवारी तसं सांगायचंस."

"पाहुण्यांसमोर काय सांगणार? आणि फाईल तुझीच आहे ना, ताई."

तो ताई म्हणाला तेव्हा मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. यंत्रात शोधलं असतं तर गुरुवारच्या आज्ञेची खूण कुठेतरी सापडली असती. पण ज्याला ओवाळलं त्याच्याविरुद्ध पुरावे गोळा करत बसायची मला शिसारी आली. मी जागेवर गेले आणि ती ओळ फाईलमध्ये लिहिली. त्याच्यासाठी नाही. फाईल माझी होती.

आंबिवलीची यंत्रं त्याच फाईलवरून उभी राहिली. उद्घाटनाला आम्हा सगळ्यांना नेलं. हार घातलेल्या यंत्रासमोर तो उभा राहिला, बाह्या सरसावल्या आणि तीच आज्ञा टाइप केली. पडद्यावर काही उमटलं नाही. माझ्या ओळीने मॉड्युल आधीच चढलं होतं, आणि चढलेलं मॉड्युल पुन्हा चढवायला गेलं की काहीच होत नाही. दाबमापकाचे आकडे आधीपासून हलत होते, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. टाळ्या पडल्या. आयत्या पिठावर ओढलेल्या रेघोट्या त्या, पण साहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि त्याने पेढ्यांचा बॉक्स सगळ्यांत आधी माझ्यापुढे धरला. मी पेढा घेतला. फाईल त्याने एकदाही उघडून बघितली नव्हती, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

आईला आता स्वच्छ दिसतं. दिवाळीत करंज्या तळताना तिने विचारलं, "त्याला नारळाच्याच आवडतात ना गं?"

मी म्हटलं, "या वर्षी रव्याच्या कर."

तिने झारा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मग नारळाचं सारण झाकून फ्रीजमध्ये ठेवलं.