तीन इंचांची दुरुस्ती

आमच्या घराच्या पश्चिमेला एक बोळ आहे. रस्त्यापासून बावीस फूट आत जातो आणि आईच्या खोलीच्या दाराशी संपतो. त्या खोलीला दोन दारं. एक स्वयंपाकघरात उघडतं. तिथून तीन पायऱ्या चढून बैठकीत यायचं आणि ओट्याच्या पाच पायऱ्या उतरून रस्त्यावर. दुसरं दार बोळात उघडतं. बोळात पायरी एकही नाही. गुडघे गेलेल्या बाईसाठी हा आठ पायऱ्यांचा फरक होता. आमचा दावा एवढ्याचसाठी होता. कोर्टात तो चौदा पानांचा झाला, ही पुढची गोष्ट.

आई रोज पाचच्या सुमाराला काठी घेऊन बोळातून बाहेर पडायची आणि कोपऱ्यावर फळं विकणाऱ्या खालाजवळ पोत्यावर बसायची. खाला तिच्याच वयाची. हंगामात सीताफळं, एरवी केळी नाहीतर बोरं. दोघी काय बोलायच्या मला माहीत नाही. बराच वेळ काहीच बोलत नसाव्यात. दिवेलागणीला आई परत यायची. जायला आणि यायला तिला कुणाला हाक मारावी लागत नव्हती, याचं तिला मोठं अप्रूप होतं.

तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आम्ही चार दिवस अंबाजोगाईला होतो. परत आलो तर बोळाच्या तोंडाला भिंत. पाच फूट उंच, गिलावा न केलेली. शेजारी मोटारसायकली दुरुस्त करतो. आत त्याने जुनी इंजिनं आणि टायर रचले होते. आईने एका डोळ्यावर हिरवी पट्टी ठेवून, दुसऱ्या डोळ्याने ती भिंत पाहिली.

"मावशी, सामान चोरीला जातंय वो," शेजारी म्हणाला. "अन् तुमाला पुढचं मोठं दार हायच की."

"दार मोठं हाय," आई म्हणाली, "पाय न्हाईत मोठे."

पंधरा दिवस मी समजावून पाहिलं. गल्लीतली चार माणसं मध्ये घातली. मग वकील गाठला.

घर आईच्या नावावर. वडील मेंढ्या राखायचे. मेंढ्या विकून त्यांनी हे घर आईच्या नावाने घेतलं होतं. खरेदीखतात 'पश्चिमेस सामाईक बोळ' असं स्पष्ट लिहिलेलं आहे, पण रुंदी लिहिलेली नाही. म्हणून आई वादी झाली आणि मी तिचा मुखत्यार. दावा टाइप करताना वकिलांच्या कारकुनाने विचारलं, "रुंदी किती?" मी आईला फोन लावला. तिने क्षणभरही विचार न करता सांगितलं, "चार फूट." कारकुनाने चार फूट टाइप केलं. खाली 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे' असं होतं. तिथे मी सही केली.

पहिल्या तीन तारखा समन्समध्ये गेल्या. बेलिफ शेजाऱ्याच्या दुकानात गेला तेव्हा शेजारी स्वतःच पान्हा घेऊन खाली बसला होता. "मालक गावाला गेलेत," त्याने मान वर न करता सांगितलं. बेलिफाने तसं लिहून नेलं. माझ्या ओट्यावरून मला हे सगळं ऐकू येत होतं. मी उतरून सांगितलं की मालक हेच. बेलिफ म्हणाला, "मला वळखपाळख न्हाई. पुढल्या टायमाला तुमी संगं या." पुढच्या वेळी दुकान बंद होतं.

समन्स लागल्यावर त्याच्या वकिलांनी कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला मुदत मागितली. मग आणखी मुदत. मी घरी एक वही केली होती. तारीख, काय काम होतं, काय झालं, असे तीन रकाने. तिसऱ्या रकान्यात मी बहुतेक वेळा 'काही नाही' लिहिलेलं आहे.

दाव्याचा निकाल लागेपर्यंत निदान वाट मोकळी ठेवावी, असा अर्ज दाव्यासोबतच दिला होता. कोर्टात त्याला निशाणी पाच म्हणतात. त्यावर सातव्या तारखेला हुकूम झाला: परिस्थिती जैसे थे ठेवावी. वकिलांनी पाठीवर थाप मारली. शेजाऱ्याला आता वर एक वीटही चढवता येणार नव्हती. मी घरी जाऊन आईला सांगितलं.

"म्हंजे भिंत पडंल का?"

"नाही. आहे तशी राहील."

"हाय तशी तर ती कालबी व्हती," आई म्हणाली. "मंग तुमी कशाला गेलते?"

आता माझ्याबद्दल. मी दूध संकलन केंद्रावर फॅट काढतो. यंत्राने तीन पॉइंट आठ दाखवली तर मी चार लिहीत नाही. गवळी माझा मामा असला तरी नाही. बावीस वर्षं हेच काम. त्यामुळे ज्या कागदावर सही केली तो आकडा मी मोजला नाही, हे मला आत कुठेतरी टोचत होतं. एका रविवारी स्टीलचा टेप घेऊन मी भिंतीच्या बुडाशी, रस्त्याच्या बाजूने बोळाची रुंदी मोजली. तीन फूट नऊ इंच. पुन्हा मोजली. तीच.

सोमवारी वकिलांकडे गेलो.

"राहू द्या वो," ते म्हणाले. "आपल्याला भिंत पडण्याशी मतलब. तीन इंच कोण बघतंय?"

"पण मी खरं म्हणून सही केली आहे."

"अहो, सगळेच करतात."

मी ऐकलं नाही. दुरुस्तीचा अर्ज द्यायला लावला. त्यावर विरुद्ध बाजूने म्हणणं मांडायला मुदत मागितली. मग न्यायाधीश रजेवर, मग वकिलांचं कामबंद. त्या एका अर्जात नऊ तारखा गेल्या. आई घरात बसून होती. सुरुवातीला मी आणि बायको तिला धरून आठ पायऱ्या पार करवायचो. पण दिवसभर मी केंद्रावर, बायको शाळेत खिचडी शिजवायला. मग ते आठवड्यातून दोनदा झालं, मग एकदा. पुढे आईच म्हणायला लागली, "ऱ्हाऊ द्या, आज न्हाई."

त्याच काळात लोकअदालत लागली. आमचं प्रकरण तडजोडीला ठेवलं होतं. टेबलापलीकडे निवृत्त न्यायाधीश होते, शांत माणूस. त्यांनी शेजाऱ्याला विचारलं, भिंतीत एक फाटक द्यायला काय हरकत आहे? शेजारी खरं म्हणजे थकला होता. त्याचाही दर तारखेला दुकानाचा दिवस बुडत होता. तो म्हणाला, "देतो. तीन फुटाचं लोखंडी फाटक करतो. किल्ली मावशीकडं ऱ्हाऊ द्या. माझं सामान आतल्या बाजूनं भिंतीला लावून घेतो." अर्ध्या तासात तडजोडीची पुरसीस, दोघांनी सही करायचा कागद, टाइप झाली. वकिलांनी मला पेन दिलं.

मी वाचायला घेतली. दुसऱ्या ओळीत होतं, 'दाव्यातील चार फूट रुंदीचा सामाईक बोळ'.

मी म्हणालो, "हे चार नाही. तीन फूट नऊ इंच आहे. दुरुस्तीचा अर्ज दिलेला आहे."

माझ्या वकिलांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. मला त्याचा अर्थ कळला होता. तरी मी म्हणालो, "आकडा दुरुस्त करा, मी लगेच सही करतो."

शेजारी माझ्याकडे वळला. "म्हंजे इतके दिवस तुमी चार फूट म्हणून दावा लावला, अन् आता तुमीच म्हणता चार न्हाई?"

"मोजून बघा."

"मंग तीन इंच जागा कुणाची? माझी ना?" त्याने आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकिलाने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. शेजारी उठला. "न्हाई साहेब. ज्याला सोताचाच बोळ किती हाय ते ठावं न्हाई, त्याला मी कावून फाटक देऊ? निकाल लागू द्या."

निवृत्त न्यायाधीशांनी चष्मा काढून मला विचारलं, "तुम्हाला फाटक हवं आहे की माप?"

मला वाटलं होतं, दोन्ही. पुरसीस फाडली गेली.

घरी आई माझ्यासाठी जेवायची थांबली होती. मी घडलं ते सगळं सांगितलं. लपवायची मला सवय नाही.

"फाटक किती फुटाचं देत व्हता?"

"तीन."

"अन् मी किती फुटाची हाय?"

तिने भाकरी मोडली आणि जेवायला सुरुवात केली. त्यानंतर तिने बोळाचा विषय माझ्यापाशी कधी काढला नाही.

दुरुस्ती मंजूर झाली. दाव्यात चारच्या जागी तीन फूट नऊ इंच आलं. त्यावर शेजाऱ्याने जादा कैफियत दिली. मग मुद्दे काढले गेले. मग न्यायाधीश बदलले. नव्या न्यायाधीशांपुढे साक्ष सुरू व्हायची होती. मी वकिलांना विचारलं, आईची साक्ष घ्यायची का? ते म्हणाले, "त्यांना कशाला पायऱ्या चढायला लावता? कोर्टही वरच्या मजल्यावर आहे. मुखत्यार म्हणून तुमचीच देऊ." मला ते पटलं. मी शपथपत्र दिलं आणि उलटतपासणीत दोन तास उभा राहिलो. त्यातला सव्वा तास मापावर गेला.

त्या वर्षी सीताफळं लवकर आली. खालाने कुणाच्यातरी हाती निरोप पाठवला होता, पहिली पाटी आली आहे म्हणून. दुपारची वेळ, घरात कुणी नव्हतं. आई एकटीच निघाली. स्वयंपाकघराच्या तीन पायऱ्यांपैकी दुसऱ्या पायरीवरून ती पडली. खुबा मोडला. अंबाजोगाईला ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उठली नाही. चार महिन्यांनी गेली. तिला आम्ही त्याच तीन पायऱ्यांवरून आणि ओट्याच्या पाच पायऱ्यांवरून नेलं. खांदा द्यायला शेजारीही होता. तो रडत होता, आणि भिंत तशीच होती. त्या दोन गोष्टी एकाच वेळी होत्या आणि मला कुणाचाही राग करता येत नव्हता.

तेराव्याच्या आधी वकिलांचा फोन आला. नव्वद दिवसांच्या आत वारस लावायचे, नाहीतर दावा संपतो. वडवणीहून बहीण आली, तिने आणि मी सह्या केल्या. दाव्याच्या पहिल्या पानावर आईच्या नावापुढे कंसात 'मयत' आलं. वय मात्र सदुसष्टच राहिलं, दावा लावला त्या दिवशीचं. सहा वर्षांत ते कुणी दुरुस्त केलं नव्हतं, आणि मीही नाही.

त्यानंतर कोर्टाने मोजणीसाठी कमिशनर नेमला. तो साखळी, टेप आणि दोन पंच घेऊन आला. मी आईच्या खोलीचं बोळातलं दार आतून उघडलं. ते फुगलं होतं, लाथ मारावी लागली. कमिशनरने तीन ठिकाणी माप घेतलं. भिंतीपाशी तीन फूट नऊ इंच. मध्ये तीन फूट साडेदहा. आईच्या दाराशी चार फूट, बरोबर. बोळ आत जाताना रुंद होत होता. मी बावीस फुटांपैकी एकच टोक मोजलं होतं, कारण दुसऱ्या टोकाला जायला भिंत होती. आतल्या दारातून जाऊन मोजता आलं असतं. ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

बहीण दारात उभी होती. ती म्हणाली, "दादा, आईने या दारापुढं बोळावर ताडपत्री बांधून घेतली होती ना? चार फूट पन्ह्याची आणली होती आपण. भिंतीपासून भिंतीपर्यंत बरोबर बसली, कापावी लागली नव्हती."

मला ताडपत्री आठवली. निळी होती. मीच खिळे मारले होते.

दावा आमच्या बाजूने निकाली निघाला. तीस दिवसांत भिंत काढावी, असा हुकूमनामा झाला. एकूण चौसष्ट तारखा. शेजाऱ्याने बीडला अपील केलं आणि स्थगिती घेतली. अपिलातला पहिलाच मुद्दा असा: वादीने आधी चार फूट सांगितले, नंतर शपथेवर तीन फूट नऊ इंच सांगितले, आणि कमिशनरचा नकाशा तिसरंच दाखवतो, सबब वादीस आपल्याच वहिवाटीची माहिती नाही.

बीडच्या वकिलांसमोर गेल्या महिन्यात बसलो होतो. ते तरुण आहेत, कागद नीट वाचतात. त्यांनी मूळ दाव्यातला खोडलेला आकडा बोटाने दाखवला.

"हे चार फूट कुणी सांगितलं होतं?"

"आईनं."

"म्हणजे प्रत्यक्ष वापर करणाऱ्या त्याच होत्या."

"हो."

"मग त्यांची साक्ष कुठे आहे?"

"झाली नाही," मी म्हणालो.

त्यांनी पान उलटलं.