बोटभर फट

दारूगोळ्याच्या लाकडी पेट्या लहान कारखानदारांकडूनच घ्यायच्या, असं सरकारनं ठरवलं आणि आमच्या घराची शांती गेली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पांढुर्ण्यात बाबांचा संत्र्याच्या पेट्या ठोकायचा कारखाना होता, सौंसरला मामाचा. हंगाम सरला की दोघांचीही माणसं रिकामी बसत. साहजिकच दोघांनी टेंडर भरलं.

त्या दिवसापासून बाबांना मामा चोर दिसू लागला. सौंसरहून फळ्या घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही त्यांना हेर वाटायचं. खरं तर त्यांनीच एका दलालाला मामाचा दर हुंगायला पाठवलं होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! टेंडर उघडेपर्यंत माहेरी पाय ठेवायचा नाही, भाऊबीज आली तरी नाही, असं त्यांनी आईला बजावलं. आई भाकऱ्या थापत राहिली. मला मात्र बाबांचा भयंकर राग आला.

दसऱ्यानंतर निकाल लागला. ठेका नागपूरच्या एका बड्या लाकूड व्यापाऱ्यानं नेला. बायकोच्या आणि मेव्हण्याच्या नावावर त्यानं लहान लहान कारखाने काढले होते म्हणे. टेंडरसोबत पाठवलेली आमची नमुन्याची पेटी नापास होऊन परत आली आणि नात्यातलीच म्हणून ट्रकवाल्यानं मामाची नापास पेटीही आमच्याच दारात उतरवली.

दोन्ही पेट्या शेजारी ठेवल्या. दोन्हींच्या फळ्यांमध्ये बोटभर फट होती. संत्र्याला हवा लागते, म्हणून ती सोडतातच. दारूगोळ्याला मात्र ओल लागून चालत नाही. टेंडरच्या नकाशात फळ्या चिकटून दाखवल्या होत्या, पण दोघांच्याही हातांनी सवयीनं फट सोडली होती.

बाबांनी मामाच्या पेटीत बोट घालून पाहिलं.

"पाह्यलं? माह्या पेटीची नक्कल केली त्यानं."

आई पहिल्यांदाच बोलली. "माह्या बाबानं तुमाले दोघायलेबी एकच पेटी शिकोली. भाऊबीजेले मी जाऊन राहिली."

आणि मला घेऊन ती गेली. मामाची पेटी संत्र्यांनी भरून बसच्या टपावर चढवली. दुसऱ्या दिवशी बाबा स्टँडवर तिला घ्यायला आले, तेव्हा मला वाटलं, विरघळले. त्यांनी तिच्या हातातली पिशवी घेतली, आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, "दर किती भरला होता त्यानं?"

"ओवाळताना इचारायचं राह्यलं," आई म्हणाली.

ती काहीतरी लपवते आहे, असं बाबांना शेवटपर्यंत वाटत राहिलं.