सासूबाईंची साक्ष

मला डिप्रेशन झालं होतं, हे आमच्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना आजही पटत नाही. कारण मी रडले नाही, मी भांडले. दूधवाल्याशी भांडले, खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंशी भांडले, इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटले त्यावरून भांडले. नवऱ्याशी तर तो मोजे कुठे काढतो इथपासून चहाचा घोट घेताना आवाज का करतो इथपर्यंत भांडले. उदास बाई म्हटली की लोकांना केस मोकळे सोडून खिडकीशी बसलेली बाई दिसते. मी केस घट्ट बांधून, दातओठ खात उदास होते. आता मी बरी आहे, म्हणजे अजूनही भांडते, पण रात्री झोपते.

चंदीगढला आम्ही आलो ते नवऱ्याच्या नोकरीपायी. तो हाडांचा डॉक्टर. नाशिकला मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होते, ते सोडून आले. लेक पुण्याला शिकायला राहिली. सासरे गेल्यावर सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या. जन्मभर नगरपालिकेच्या शाळेत मास्तरकी केलेली बाई. घरात वावरतानाही हातात छडी आहे असं वाटायचं. हिंदी त्यांना सगळं कळायचं, दुपारभर मालिका बघायच्या, पण बोलायच्या नाहीत. "चुकीचं बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं," म्हणायच्या. हा नियम त्यांनी माझ्या बाबतीत मात्र कधी पाळला नाही. माझी भाकरी, माझं अक्षर, माझी पाठ टेकून बसायची सवय, सगळ्यावर लाल शाई.

या शहराचाही मला पहिल्यापासून राग. सगळे रस्ते सरळ, चौकांतली सगळी गोल चक्करं सारखी, वस्त्यांना नावं नाहीत, नुसते आकडे. रस्ता चुकायचीसुद्धा सोय नाही. लोक म्हणतात, किती सुंदर, किती हिरवं. असेल. मला त्या वर्षी हिरवं काही दिसलं नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात ते सुरू झालं, की आधीच झालं होतं, कोण जाणे. पहाटे जाग यायची आणि छातीवर कुणी बसल्यासारखं वाटायचं. जेवणाला चव नाही. पेपरची एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची आणि तरी कळायची नाही. ओट्यावर दुधी ठेवलेला असायचा आणि तो किसायचा की चिरायचा हे मला ठरवता यायचं नाही. मी, जिनं वर्षानुवर्षं प्रयोगशाळेत पोरांच्या हातून ॲसिड सांडू दिलं नाही, ती मी दुधीपुढे नुसती उभी राहत होते. मग कुणी काही विचारलं की मी त्याच्या अंगावर धावून जायची.

सल्ले मात्र चोहीकडून येत होते. घरमालकीणबाई म्हणाल्या, "पाठ कर लिया करो बेटा, मन टिकेगा." पाठ म्हणजे इथं पोथी वाचणं. मंडळातली एक म्हणाली, तळ्यावर फिरायला जा. दुसरी म्हणाली, छंद लाव. तिसरीनं तर डोळे बारीक करून विचारलं, "पण तुला कमी काय आहे गं?" या तिसरीच्या घरी मी नंतर कधी पाऊल टाकलं नाही आणि टाकणारही नाही. पाय मोडलेल्या माणसाला कुणी विचारत नाही, तुला कमी काय आहे म्हणून.

आणि माझा नवरा, पाय मोडलेल्यांचा डॉक्टर, त्यानं माझं रक्त तपासलं. थायरॉईड, हिमोग्लोबिन, जीवनसत्त्वं, सगळं. रिपोर्ट घेऊन आला आणि हसून म्हणाला, "सगळं नॉर्मल आहे. तुला काही झालेलं नाही." डॉक्टरांच्या घरातली ही जुनी तऱ्हा. बाहेरच्या पेशंटला विचारतील, कुठं दुखतं, कधीपासून, कशानं वाढतं. घरच्या माणसाचा नुसता रिपोर्ट वाचतात.

पुढे त्यानं जे केलं ते मी अजून माफ केलेलं नाही. एका रविवारी म्हणाला, एक मित्र जेवायला येतोय, पुरणपोळी कर, त्यानं कधी खाल्लेली नाही. मी केली. हात चालत नव्हते तरी डाळ शिजवली, पुरण वाटलं, एकेक पोळी तव्यावर टाकली. मित्र दुसऱ्या पोळीवर तूप ओतून घेताना गोड आवाजात म्हणाला, "भाभीजी, नींद कैसी आती है आजकल?" मग, "ये सब बनाने में पहले जैसा मन लगता है?" मी नवऱ्याकडे पाहिलं. तो आमटीत बघत होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा मित्र मानसोपचारवाला होता. जेवणबिवण काही नव्हतं, माझी तपासणी चालली होती आणि तपासणीचा स्वयंपाक मीच केला होता.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं गोळ्यांची एक पट्टी आणून माझ्यासमोर ठेवली. चिठ्ठी नाही, माझं नाव नाही, कशाची गोळी ते नाही. "रात्री अर्धी घे," म्हणाला. "आपापसातलं आहे, बाहेर कुठे जायला नको." पट्टी मी त्याच्या अंगावर फेकली. वाडग्यातलं उरलेलं पुरणही फेकणार होते, पण सासूबाईंनी ते आधीच उचलून आत नेलं होतं.

त्यानंतर मी दुपारी गच्चीवर जाऊ लागले. धुकं विरून ऊन पडलं की इथले लोक वर मुढे, म्हणजे वेताची बुटकी आसनं, टाकतात, शेंगा फोडतात, किन्नूची संत्री सोलतात. मी उन्हासाठी जात नव्हते. मागच्या बाजूच्या कठड्याशी जाऊन उभी राहायची आणि खाली बघायची. स्पष्टच लिहिते. मला मरावंसं वाटत होतं. तसं वाटतंय याची भीतीही वाटत होती. दोहोंतलं कोण जिंकेल याची मला खात्री नव्हती. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

तिथंसुद्धा मला एकटीला राहू दिलं नाही. मी वर गेले की मागून सासूबाई एकेक पायरी चढत यायच्या आणि गच्चीच्या दारात, जिन्याच्या वरच्या पायरीवर, मटारची परात घेऊन बसायच्या. त्या जिन्यात ऊन कधीच येत नाही. समोर लख्ख ऊन आणि ही बाई दुखरे गुडघे घेऊन गारठ्यात. "उन्हात बसा की," मी एकदा खेकसले. "उन्हानं माझं डोकं दुखतं," त्या म्हणाल्या आणि शेंग सोलत राहिल्या. मला संताप यायचा. वाटायचं, पहारा करतायत. सून काम टाकून कुठं उभी राहते, फोनवर कुणाकडे गाऱ्हाणी सांगते, ते टिपून संध्याकाळी लेकाला पुरवायचं असणार.

एका दुपारी मी कठड्यावर हात ठेवले आणि ते उचलावेसेच वाटेनात. बराच वेळ तशीच उभी राहिले. मग परातीत दाणे पडल्याचा आवाज आला आणि त्या आवाजाचाही मला राग आला. त्या रागातच मी सासूबाईंच्या अंगावरून तरातरा खाली उतरले, पर्स घेतली आणि ऑटोवाल्याला सेक्टर बावीस सांगितलं. तिथल्या बाजारात चादरींच्या दुकानावर एका मनोविकारतज्ज्ञ बाईंची पाटी मी येता-जाता बघितलेली होती. माझ्या नवऱ्याला ओळखत नसणारं कुणीतरी मला हवं होतं, बाकी काही नको.

त्या बाई वयस्कर होत्या, कोपरावर विरलेला स्वेटर, स्टीलच्या ग्लासात चहा. मी झोपेचं सांगितलं, जेवणाचं सांगितलं, रागाचं सांगितलं. गच्चीचं सांगितलं नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उदासी हमेशा रोती नहीं जी. कई बार लड़ती है." हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, हिनं माझा रागसुद्धा आजाराच्या नावावर चढवला. माझ्या रागातला आजाराचा किती आणि माझा स्वतःचा किती, हे अजून मला कुणी वेगळं काढून दाखवलेलं नाही.

पण बाईंनी गोळी लिहून दिली ती माझ्या नावानं. कशाची आहे ते सांगितलं, गुण यायला काही आठवडे लागतील हेही सांगितलं. मग म्हणाल्या, "अगली बार घर से किसी को साथ लाइए. अंदर का हाल आप बताएँगी, बाहर से क्या दिखता है वो कोई और बताए. मैं सबसे कहती हूँ."

"पति डॉक्टर हैं," मी म्हणाले.

"तो उनको रहने दीजिए." त्यांच्याबद्दल मला चांगलं वाटलं ते तेवढ्याच वाक्यापुरतं. कारण पुढे त्यांनी विचारलं, "और कौन है घर में?"

"सास."

"बस, उन्हीं को ले आइए."

त्यांचं टेबल उलथून टाकावं असं मला वाटलं. घरातल्या डोळ्यांपासून पळून मी इथं आले होते, आणि ही बाई तेच डोळे सोबत आणायला सांगत होती.

गोळ्या घेऊ लागले. पुन्हा जायचा दिवस आला तशी मी सासूबाईंसमोर उभी राहिले. "आई, उद्या माझ्याबरोबर यायचंय. डॉक्टरांकडे."

"कसल्या डॉक्टर?"

"डोक्याच्या. तुम्हाला माझ्याबद्दल विचारणार आहेत. तुमची हौस फिटेल."

दुसऱ्या दिवशी मी तयार व्हायच्या आधीच त्या दारात उभ्या. लुगड्यावर लेकाचा स्वेटर, पायात मोजे आणि कॅनव्हासचे बूट, डोक्याला मफलर. परीक्षेच्या केंद्रावर निघाल्यासारख्या.

दवाखान्यात बाईंनी नमस्कार करून विचारलं, "माताजी, बहू को घर में कैसा देखती हैं?" सासूबाईंना प्रश्न कळला. उत्तर त्यांनी मराठीत दिलं, आणि तेही माझ्याकडे तोंड करून. "सांग त्यांना." म्हणजे माझ्याबद्दलचं सगळं मीच हिंदीत सांगायचं. शाळेत नापास पोराला स्वतःचं प्रगतिपुस्तक वर्गापुढे वाचायला लावावं, तशी माझी गत झाली.

"सांग, अंघोळ दुपारी करते. तीसुद्धा चार वेळा म्हटल्यावर."

मी सांगितलं.

"सांग, धुतलेलं भांडं पुन्हा धुते. मीठ दोनदा घालते, नाहीतर घालतच नाही."

माझे कान तापले. तरी सांगितलं.

"सांग, पूर्वी माझ्याशी वाद घालायची. चांगला घालायची, मला उत्तर सुचायचं नाही. आता नुसती ओरडते. वाद घालायला मुद्दा लागतो. तिच्याजवळ मुद्दा राहिलेला नाही."

हे हिंदीत आणताना मला मधेच थांबून पुन्हा सुरुवात करावी लागली. एवढ्या वर्षांत या बाईनं माझ्या कशालाच चांगलं म्हटलं नव्हतं. म्हटलं ते इथं, परक्या बाईसमोर, आणि तेही आता ते उरलं नाही हे सांगायला.

बाई लिहीत होत्या. सासूबाईंनी मफलर सोडून मांडीवर घेतला, घडी घातली आणि म्हणाल्या, "आता सांग, दुपारी गच्चीवर जाते."

मी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

"सांग ना."

"ये कह रही हैं," मी म्हणाले, "कि मैं दोपहर को छत पर जाती हूँ. कपड़े उतारने."

"कपडे?" सासूबाईंनी मला तिथंच पकडलं. "कपडे कुठं म्हटलं मी? कपडे तर रोज मी काढते. मी सांगितलं तेवढंच सांग. पदरचं घालू नकोस."

बाईंनी पेन खाली ठेवलं. खालच्या बाजारात कुणीतरी रजया विकत ओरडत होता. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि मग त्या बोलल्या ते सावकाश, शब्द तोडून, शुद्धलेखन घालतात तसं.

"सांग, ही कठड्याशी उभी राहते. खाली बघते. म्हणून मी जिन्यात बसते. माझे गुडघे गेलेत. पळत येणं मला जमणार नाही. म्हणून जवळ बसते."

इतके दिवस त्या गारठ्यात. डोकं दुखतं असं सांगून. आणि मी त्यांच्या अंगावरून तरातरा उतरून जात होते.

मला ते सांगायचं नव्हतं. त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात पहिल्यांदा रागच आला. हिनं माझं एवढंसं गुपितही माझ्यापाशी ठेवलं नाही. पण त्या खोलीत मराठी जाणणारी तिसरी कुणी नव्हती. मी बोलले नसते तर ते तसंच आमच्या दोघींत राहिलं असतं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा वर गेलो असतो, मी कठड्याशी, त्या पायरीवर.

मी सांगितलं. "ये कहती हैं, मैं छत पर दीवार के पास खड़ी रहती हूँ. नीचे देखती हूँ. इसलिए ये सीढ़ी पर बैठती हैं. इनके घुटने ख़राब हैं, दौड़कर नहीं आ सकतीं. इसलिए पास बैठती हैं."

सासूबाईंकडे न बघता, माझ्याकडे बघून बाईंनी विचारलं, "ये सच है?"

हे उत्तर माझं होतं. ते दुसऱ्या कुणाच्या नावावर सांगता येणार नव्हतं.

"हाँ जी," मी म्हणाले. "सच है."

"बरोबर," सासूबाई म्हणाल्या, आणि मांडीवरचा मफलर उचलून माझ्या गळ्याभोवती गुंडाळू लागल्या. जरा जास्तच घट्ट.