कुंडलच्या कालव्यावरची लाट

कराडच्या गाडीत बसायच्या आधीच माझं डोकं फिरलं होतं. सातारा स्टँडवर कंडक्टरनं माझ्या साडेपाच फुटी फळीकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मावशी, ह्ये इस्त्रीचं टेबल कुठं घेऊन निघालाय?"

"इस्त्रीचं टेबल नाही. पाण्याच्या लाटेवर यावर उभं राहायचं असतं."

"बरं. मग त्याचा उपयोग काय?"

उपयोग! गेले चार महिने मी हा शब्द ऐकते आहे. थंडीत भाचीबरोबर मालवणकडे गेले होते, तिथं सर्फिंग शिकले. चार दिवस खारं पाणी प्यायले आणि शेवटच्या दिवशी दहा आकडे मोजेपर्यंत लाटेवर उभी राहिले. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात इतका निखळ आनंद मला क्वचितच झाला असेल. घरी आल्यावर जिन्याखाली बसून थर्माकोल, प्लायवूड आणि रेझिन यांची ही फळी स्वतःच्या हातानं केली. ती करत असताना कोणी 'छान' म्हणालं नाही. गुडघा मोडेल म्हणाले, शेंगदाण्याचे लाडू करून विकले असते तर म्हणाले. एका शेजाऱ्यांनी तर साताऱ्याला समुद्र नाही, ही बातमी मला अगदी हळुवारपणे सांगितली.

समुद्र नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण कुंडलहून माझ्या मामेभावाचा, आनंदादादाचा फोन आला होता. "शकू, पाण्याची पाळी सुरू हाय. कालवा उतरतो न्हवं का, तिथं पानी उसळतंय आन् लाट एका जागी हुबी ऱ्हाती. कमरेएवढंच पानी हाय. दोराला धरून हुबी ऱ्हाशील. पर बुधवारी अकराला पाटकरी दार पाडणार, मग महिनाभर कोरडं." (पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी सोडणारा आणि बंद करणारा माणूस.) मंगळवारी दुपारपर्यंत पोचायचं आणि बुधवारी सकाळी लाटेवर उभं राहायचं, एवढाच माझा बेत होता.

कराडला गाडी बदलली. दुसऱ्या कंडक्टरनं फळी मागच्या बाकाखाली सरकवून दिली, तीही ओरखडा पाडून. रस्त्याला फाल्गुन ऐन रंगात होता. बांधावर पळस फुलले होते, आंब्याला मोहोर होता, उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडत होती. माझं मात्र निम्मं लक्ष त्या ओरखड्याकडं होतं.

दादा फौजेत बँडमध्ये होता, बॅगपाइप वाजवायचा. निवृत्त झाल्यावर त्यानं स्वतःचा पाइप घेतला. त्याच्या आतल्या वेताच्या पट्ट्या तो घरीच तासतो, एकेका पट्टीवर आठवडा घालवतो. घरात वाजवायची सोय नाही, कारण म्हैस बिथरते. म्हणून संध्याकाळी तो उसाच्या कडेला जाऊन वाजवतो. पोचले त्या दिवशी मीही बांधावर बसले. ऊन कलतं होतं आणि त्या वाद्याचा एक सूर खाली अखंड धरलेला, त्यावर दुसरा फिरत होता. मन भरून आलं. तेवढ्यात मोटारसायकलवरून जाणारा एक गृहस्थ थांबला.

"सुभेदार, माझ्या पोराच्या वरातीत वाजवा की."

"मी वरातीत वाजवत न्हाई."

"मग एवढं शिकून काय फायदा?"

मीच उठून त्याला चार शब्द सुनावणार होते. दादानं खुणेनं थांबवलं आणि पुन्हा फुंकायला लागला.

बुधवारी सकाळी आठला पडवीत येऊन बघते तर फळी गायब. शोधत गच्चीवर गेले. माझी फळी दोन विटांच्या थप्प्यांवर आडवी ठेवली होती, आणि तिच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओल्या कुरडया! दादाची बायको, शालन वहिनी, सोऱ्या फिरवत होती. शेजारच्या दोघीजणी हाताशी होत्या.

"वहिनी! हे काय केलंत!"

"आवं वन्सं, येवढी गुळगुळीत फळी मोकळी पडलीया, म्हटलं कामाला यील. प्लॅस्टिकला लय चिकटत्यात. दोन दिसांत वाळतील बघा."

"दोन दिवस? अकराला पाणी जातंय!"

मी ओरडले. अक्षरशः ओरडले. चार महिने खपून केलेली वस्तू, तुम्हाला एक सकाळ मोकळी बघवली नाही, असं म्हणाले. कुठलीही गोष्ट नुसती असली की तुमचे हात शिवशिवतात, असंही म्हणाले. शेजारणी माना खाली घालून उभ्या राहिल्या.  वहिनीनं सोऱ्या बाजूला ठेवला, खाली जाऊन तेल आणि तिखट आणलं.

"बसा गं," ती शेजारणींना म्हणाली. "वन्सं, तुमीबी बसा. खाल्ल्याबिगर फळी सुटायची न्हाई."

आम्ही चौघींनी आणि मागाहून आलेल्या दादानं फळीभोवती बसून ओल्या कुरडया खाल्ल्या. मी रागातच खाल्ल्या. फार चांगल्या लागल्या, आणि त्याचाही मला राग आला. उरलेल्या पातेल्यात गेल्या. फळी धुऊन आम्ही निघालो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते.

कालव्यावर लाट खरंच उभी होती. पाणी धावत होतं आणि ती मात्र जागची हलत नव्हती. दादानं बाभळीला दोर बांधला आणि काठावर बसून पाइप फुगवला. मी पहिल्यांदा पडले, दुसऱ्यांदा पडले, कोपर खरचटलं. तिसऱ्यांदा उभी राहिले. सहा आकडे मोजले. पायाखाली सगळा कालवा धावत होता आणि मी जागच्या जागी! मी मोठ्यानं हसत होते. मग पडले.

वर आले तर वहिनी साडीचा काष्टा घालून काठावर उभी. "वन्सं, मी बघू का?"

पावणेअकरा वाजले होते. माझ्या तोंडातून निघून गेलं, "वहिनी, तुम्हाला आता कशाला? पाणी जाईल ना."

तिनं ऐकलं. पदराला हात पुसले आणि दोर धरला.

ती पडलीच नाही. डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन कालव्याच्या अरुंद कठड्यावरून आयुष्यभर ये-जा केलेली बाई ती. गुडघे किंचित वाकवून उभी राहिली, ती राहिलीच. मी वीसपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. मला राग आला, खोटं कशाला सांगू. दादाचा पाइप मध्येच थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

अकराला पाटकऱ्यानं दार पाडलं. लाट बसत गेली, पाणी घोट्याएवढं झालं, फळी चिखलाला टेकली. वहिनी अजून दोर धरून तशीच उभी होती.

"पानी गेलं की गं," दादा म्हणाला. "उतर आता."

"जरा थांबा," ती म्हणाली.

संध्याकाळच्या गाडीनं मी एकटीच परतले. फळी तिथंच ठेवली. वहिनीनं मागितली नव्हती, पण तिच्याकडून ती मागून घ्यायचं माझं धाडस झालं नाही. साताऱ्यापर्यंत मी धुमसत होते, आणि यावेळी कंडक्टरवर नाही. तीस वर्षं मी त्या घरी जाते, तिच्या हातचं जेवते, येताना शेंगांची पिशवी घेऊन येते. या तीस वर्षांत तिला काय करायला आवडतं, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. आणि तिनं आपण होऊन सांगितलं, तेव्हा मी घड्याळ दाखवलं.