आखाजीची पेनल्टी

यावलच्या सातपुडा क्रीडा मंडळाने आखाजीच्या सणातल्या फुटबॉल स्पर्धेची शील्ड तीन वेळा जिंकली आणि एकदाच हरली, असे गावात सांगत असत. बाकीच्या सर्व वर्षांत मंडळाचा संघ पहिल्या-दुसऱ्या फेरीतच गारद झाला होता. परंतु त्याला हरणे म्हणायची गावाची तयारी नव्हती. हरणे म्हणजे चौऱ्याऐंशी सालची अंतिम लढत, धुळ्याच्या संघाविरुद्धची. त्या पराभवाची जबाबदारी कोणाची, हा वाद पुढे दहा वर्षे निंबाच्या चहाच्या हॉटेलात चालला, आणि त्यात सर्वांत कठोर आवाज मोतीलाल भारंबे यांचा होता.

मोतीलाल तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. मराठी घेऊन एम.ए. झालेला अव्वल कारकून साऱ्या तालुक्यात दुसरा नव्हता, आणि त्याची दखल सरकारने कधी घेतली नाही, हे शल्य ते उराशी बाळगून होते. त्यांच्या हाताखाली शिकलेले दोघे नायब तहसीलदार होऊन गेले. मोतीलाल त्याच खुर्चीवर राहिले. उरलेली विद्वत्ता मग तक्रारींत खर्च झाली. भुसावळची बस वेळेवर सुटत नाही, मैदानावर पाणी मारायला नगरपालिकेचा टँकर फिरकत नाही, मैदानाकडेला प्रेक्षकांसाठी बांधायला घेतलेल्या दगडी पायऱ्या दोन उन्हाळे अर्धवट पडून आहेत, असे काही ना काही ते वर्तमानपत्राला कळवीत. लोक मागे हसत. पण स्वतःवर प्रसंग आला, की अर्ज लिहून घ्यायला त्यांच्याच ओट्यावर येऊन बसत.

फुटबॉल हे त्यांचे दुसरे दुखणे. केळीच्या या मुलखात हा खेळ आणला तोताराम आबांनी. भुसावळला रेल्वेच्या कारखान्यात नोकरी करताना त्यांना त्याचा नाद लागला, आणि गावी परतल्यावर त्यांनी मंडळ काढले. मंडळात एकच पद खरे, मॅनेजरचे. संघ निवडणे, चेंडूचे ब्लॅडर दुरुस्त करणे, गोलसाठी सातपुड्यातून बांबू आणणे आणि हरल्यावर शिव्या खाणे, ही सर्व कामे त्याची. आबांनी तिन्ही शील्ड आणल्या. त्यांच्यानंतर मॅनेजर झाले ते एसटी डेपोतले मेकॅनिक लोटन नाना. त्यांनी बौद्धवाड्यातली आणि डोंगरापायथ्याच्या तडवी वस्तीतली अनवाणी पोरे संघात घेतली, त्यांना बूट मिळवून दिले; त्यांतली कितीतरी पुढे जिल्ह्याच्या संघात खेळली. शील्ड मात्र एकही आली नाही.

आबा वारले होते. त्यांचा फोटो हार घालून निंबाच्या गल्ल्यामागे लावलेला होता. नाना हयात होते, आणि रोज संध्याकाळी त्याच फोटोखालच्या बाकावर चहा घेत. म्हणजे वाद व्हायचा तो एका मृताचा आणि एका जिवंताचा, आणि जिवंत माणूस ऐकत बसलेला असायचा.

"आबा व्हते तवा गोलचे बांबूबी ताठ उभे राह्यचे भो," उखर्डू न्हावी म्हणायचा.

"आन् नानाच्या टायमाले?" निंबा मुद्दाम विचारायचा.

"नानाच्या टायमाले त्याच बांबूले पालवी फुटली!"

सगळे हसत. नानाही हसत. मोतीलाल हसत नसत.

"प्रश्न बांबूंचा नाही," ते म्हणत. "मॅनेजरचे पहिले कर्तव्य निवड. कोणत्या क्षणी कोणाला पुढे करायचे, हे ज्याला कळत नाही, त्याने ते पद स्वीकारू नये. चौऱ्याऐंशी साली चूक झाली ती तिथे. नाना, मी तोंडावर बोलतो, रागावू नका."

"नाही रागावत मोतीलालभाऊ," नाना म्हणत. "खरंच हाय तुमचं."

चूक काय झाली होती, ते गावातल्या पोरासोरांना ठाऊक होते. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खानदेशात लेकी माहेरी येतात, आणि त्यांना न्यायला जावई येतात. या पाहुण्यांना बाजेवर नुसते बसवून ठेवायचे कसे, म्हणून आबांनी स्पर्धेला एक नियम लावला होता: प्रत्येक संघात आपापल्या गावाचा एक जावई खेळलाच पाहिजे. पण आबा हुशार. ते जावयाला हार घालून मैदानात आणीत आणि डाव्या कोपऱ्यात मागे उभे करीत. "जावयाले मान द्यावा, बॉल देऊ नाही," असे ते खासगीत सांगत.

नानांनी त्या दिवशी बॉल दिला. बरोबरीत चाललेला सामना, वैशाखातले ऊन चढत आलेले, शेवटची काही मिनिटे उरलेली, आणि यावलला पेनल्टी मिळाली. रमजान तडवीने चेंडू काखेत घेतला होता. पेनल्टी त्याचीच असायची, आणि तो सहसा चुकत नसे. तेवढ्यात त्या वर्षीचा जावई पुढे आला आणि त्याने हात पुढे केला. तो धुळ्याला एसटीच्या वर्कशॉपात नोकरीला होता. समोरच्या संघातले निम्मे त्याचे सोबती. "जवाईबुवा, तुम्हना गोल तथा शे!", तुमचा गोल तिकडे आहे, म्हणून धुळेकर त्याला सकाळपासून डिवचत होते. नानांनी एकवार बायकांच्या बाजूला पाहिले. तिथे नवी हिरवी साडी नेसून त्या जावयाची बायको बसली होती, लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला आलेली. नानांनी रमजानला खूण केली. रमजानने चेंडू दिला. जावयाने तो असा मारला, की गोलच्या पाठीमागच्या केळीच्या बागेत जाऊन पडला आणि सापडायला वेळ लागला. त्यानंतर पाचव्या मिनिटाला धुळ्याने गोल केला.

तो जावई म्हणजे हेमराज, मोतीलालांच्या कुंदाचा नवरा.

दहा वर्षांत निंबाच्या हॉटेलात हे नाव एकदाही उच्चारले गेले नव्हते. वादात "ती पेनल्टी" असे, "नानाची चूक" असे. मारणारा पाय कोणाचा, हे कोणी काढत नसे. लेक मोतीलालांची असली तरी जावई गावाचा, आणि गावाच्या जावयाला गावाने नावे ठेवायची नसतात. मोतीलाल नानांवर जितके तुटून पडत, तितके लोक त्यांना बोलू देत. दोष कुठेतरी ठेवायलाच हवा होता. नानांची पाठ रुंद होती आणि नाना ती पुढे करीत होते. हे मोतीलालांना कळत नव्हते असे नाही. पण नाना निर्दोष ठरले, तर दोष कोणाच्या अंगणात येऊन पडेल, हेही त्यांना कळत होते.

हेमराज मात्र त्या सालानंतर आखाजीला यावलला आला नाही. कुंदाला न्यायला तो धाकट्या भावाला पाठवी. एकदा तर स्वतः भुसावळपर्यंत आला आणि तिथूनच निरोप धाडला. मोतीलालांच्या पत्नी लीलाबाईंनी दर वर्षी जावयासाठी पुरणाचे मांडे केले आणि दर वर्षी ते कुंदाच्या दिराने खाल्ले. "माणूस वाईट नाही हो," त्या नवऱ्याला म्हणत, "पण आपल्या उंबऱ्याले का बरं पाय लावत नसतीन?" मोतीलाल त्यावर धुळ्याच्या बसगाड्यांबद्दल तक्रार करीत.

चौऱ्याण्णव साली मंडळाला पंचवीस वर्षे झाली. आखाजीला समारंभ करायचे ठरले. पायऱ्या नगरपालिकेने शेवटी कशाबशा पुऱ्या केल्या होत्या. त्यांना आबांचे नाव द्यायचे, हे एकमताने झाले. नानांचा सत्कार करायचा की नाही, यावर मात्र अडले.

"शील्ड आणली नाही त्याले शाल कशाची?" उखर्डू म्हणाला.

"मोतीलालभाऊ चिटणीस हायेत. त्यांनी सांगावं," निंबा म्हणाला.

त्या दिवशी हॉटेलात कृषी खात्यात नव्याने आलेले भालेराव होते. नागपूरकडचे, फुटबॉलचे शौकीन. त्यांनी सगळी हकिगत रस घेऊन ऐकली आणि सरळ मनाने विचारले, "पण ती पेनल्टी मारली कोणी?"

निंबाने स्टोव्हला पंप मारायला सुरुवात केली. उखर्डूने बशीतला चहा फुंकला, जो केव्हाच निवला होता. बाकावरची माणसे आबांच्या फोटोकडे पाहू लागली. मोतीलालांच्या कानशिलांवर रक्त चढले.

"मारणारा कोणी का असेना साहेब," बाकावरून नाना म्हणाले. "मी दिली. सांगणाऱ्यानं चुकीचं सांगितलं त मारणारा काय करीन? सत्काराचं राहू द्या निंबाभाऊ. मले शालीत उकडते."

आपले काहीतरी समजायचे राहिले, हे भालेरावांच्या लक्षात आले. मोतीलाल निर्णय न देताच उठले. घरी येताना त्यांना नानांचा राग आला. माणसाने इतके निमूटपणे सोसले, की सोसायला लावणाऱ्याची पंचाईत होते.

कुंदा दुसऱ्या दिवशी आली, आखाजीच्या आधी आठवडाभर. संध्याकाळी ओट्यावर वडिलांजवळ बसली. मोतीलालांनी नेहमीप्रमाणे विचारले, "हेमराजराव येणार का?"

"नाही म्हणतात."

"दहा वर्षे झाली. इथे कोण त्यांना काही बोलणार आहे? मी एवढी वर्षे त्या लोटनवर सगळे ढकलतो आहे ते कोणासाठी? तुमच्या घरापर्यंत शब्द येऊ नये म्हणून!"

कुंदा म्हणाली, "आप्पा, तेच त सांगते. मागच्या साली वर्कशॉपात यावलचा एक ड्रायव्हर आला व्हता. त्यानं यांना सांगितलं, 'तुमचे सासरे अजून रोज त्या पेनल्टीवर भांडतात.' त्या रात्री जेवले नाहीत. म्हणाले, 'तुझ्या गावात दुसरं कोणी विसरलं असतं. तुझा बाप विसरू देत नाही.'"

मोतीलालांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तुम्ही नानांना बोलता, अन् ऐकू यांना येते," कुंदा म्हणाली आणि आत आईला हातभार लावायला निघून गेली.

मोतीलाल बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. आयुष्यभर त्यांनी तक्रारी केल्या होत्या. एकीनेही बस वेळेवर सुटली नव्हती, की टँकर आला नव्हता. एकच तक्रार अशी निघाली की जिचा परिणाम झाला, आणि तो आपल्याच जावयावर. त्यांचे त्यांनाच हसू आले.

दुसऱ्या दिवशी ते हॉटेलात आले तेव्हा सगळे होते. भालेरावही एका कडेला अवघडून बसलेले. मोतीलाल बसले नाहीत. "भालेराव साहेब," ते उभ्यानेच म्हणाले, "परवा आपण एक प्रश्न विचारला. कचेरीत कोणाच्या प्रश्नाला उत्तर दिले नाही तर मी चिडतो. मग आपले उत्तर मी थकवणे योग्य नाही. ती पेनल्टी माझ्या जावयाने मारली. हेमराज नाव त्याचे. चेंडू केळीच्या बागेत गेला."

निंबाचा हात पंपावरच राहिला.

"बागेत नाही भाऊ," उखर्डू हळूच म्हणाला. "बागेच्याबी पल्याड. माह्या भावाले तो पाटात सापडला."

आणि मग निंबा हसला, मग बाकावरचे, मग सारे हॉटेल. दहा वर्षे दाबून धरलेले हसू होते ते. कोणी म्हणाले, जावयाच्या पायात ताकद चांगली. कोणी म्हणाले, धुळ्याचे गोल उंच असतील. मोतीलाल हसले नाहीत, पण त्यांनी थांबवलेही नाही.

"आता सत्काराचे," ते म्हणाले. "लेक पहिल्या आखाजीला आली होती. नवऱ्याने सगळ्यांसमोर हात पुढे केला होता. तो हात रिकामा परत पाठवला असता, तर शील्ड आली असती. आबांनी तसेच केले असते, आणि आबा मोठेच होते. नानांनी तसे केले नाही. या दोघांत थोर कोण, हे तुम्ही खुशाल भांडा. शाल मात्र नानांना मिळेल आणि ती मी घालीन. उकडत असेल तर उकडू दे."

नाना कपाकडे पाहत राहिले. "तुमचा आवाज लई मोठा हाय मोतीलालभाऊ," एवढेच म्हणाले.

कुंदाने धुळ्याला फोन केला तो पोस्टातून. काय बोलली ते तिने घरात सांगितले नाही.

आखाजीच्या सकाळी मोतीलाल बसस्थानकावर उभे होते. कोणाची वाट पाहत नसल्यासारखा चेहरा करून त्यांनी कंट्रोलरला गाडी उशिरा असल्याबद्दल दोनदा सुनावले होते. नाना शेजारी होते. डेपोत जुने सोबती भेटतात म्हणून आलो, असे त्यांनी न विचारताच सांगितले. धुळ्याची गाडी लागली. मागच्या दाराने हेमराज उतरला. पोट सुटलेले, कानांवर केस पिकलेले. सासऱ्यांना पाहून तो पिशवी या हातातून त्या हातात घेत उभा राहिला. मोतीलाल गाडीवरची पाटी वाचू लागले.

"या जावईबापू," नाना पुढे होऊन म्हणाले. "बूट आणले का?"

"नाना, आता कसले बूट," हेमराज खाली पाहत म्हणाला.

"जुन्या पोरांची मॅच हाय नऊ वाजता. आजच्यापुरता मॅनेजर मले केलं. रमजानचे जास्तीचे बूट मांगून ठेवले म्या, तुमच्या मापाचे."

हेमराजने मान वर केली. नानांकडे पाहिले, मग सासऱ्यांकडे. पिशवी खाली ठेवून तो वाकला आणि आधी नानांच्या पाया पडला. मोतीलालांना त्याचा राग आला नाही.

तिघे मैदानाकडे निघाले. नव्या पायऱ्यांचे दगड आताच हलू लागले होते, हे मोतीलालांच्या लक्षात आले. नगरपालिकेला लिहायला हवे होते. पायऱ्यांवरून उखर्डू ओरडला, "आबाच्या नियमानं जावई मागं कोपऱ्यात हो!"

नाना थांबले. त्यांनी मोतीलालांना विचारले, "काय करू भाऊ? कुठं उभं करू जावयाले?"

मोतीलालांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. या विषयावर त्यांनी दहा वर्षे व्याख्याने दिली होती.

"ते मॅनेजरने ठरवायचे असते," ते म्हणाले, आणि बायकांच्या बाजूला कुंदा कुठे बसली आहे, ते पाहू लागले.