मामा गाव दाखवतात

आपल्या गावावर माझ्या बायकोच्या मामांइतकं प्रेम करणारा माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरा नसेल. मी मोजूनमापून बोलतो, म्हणून ‘अख्ख्या महाराष्ट्रात’ असं म्हणत नाही. मामा स्वतः ‘अख्ख्या हिंदुस्थानात’ म्हणायलाही मागेपुढे पाहणार नाहीत. स्वारगेटला एसटीत बसायचं, लोणी काळभोर मागे टाकायचं, आणि पुढे सोलापूर रस्ता सोडून अकरा किलोमीटर आत गेलं की त्यांचं गाव लागतं. मंगळवारचा बाजार, एक हेमाडपंती देऊळ, एक दर्गा, एक तालीम, एक बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, आणि एक जुना वड. माझ्या हिशेबाने यांतल्या पाहण्यासारख्या गोष्टी चार. मामांच्या हिशेबाने एकवीस, कारण त्यात शिंप्याच्या दुकानातला आरसा, उरुसाला अत्तारचाचा करतात तो मलिदा आणि पाटलांची एकशिंगी म्हैसही धरलेली असते.

मामांची पिठाची गिरणी स्टँडसमोरच. एसटी आली की दळण तसंच सोडून, पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांसकट ते गाडीच्या दाराशी हजर. पिशवी घेऊन उतरणारा अनोळखी माणूस दिसला की संपलंच. शिलाई मशीन विकत फिरणारे एक गृहस्थ पाणी प्यायला म्हणून उतरले, ते सगळं गाव पाहून, मामींच्या हातचं जेवून, संध्याकाळच्या गाडीने पुढे गेले. देवी टोचायला आलेल्या डॉक्टरांना मामांनी आधी बारव दाखवली. तेवढ्यात गावातली सगळी पोरं उसात पसार झाली. मलाही त्यांनी सोडलं नाही. पहिल्याच भेटीत बारवेच्या तोंडाशी उभं करून हाक मारायला लावली. "सात वेळा घुमतोय आवाज," ते म्हणाले. मी नीट मोजला. तीन वेळा घुमला. तसं सांगितलं, तर म्हणाले, "उरल्याले चार खाली पाण्यात ऱ्हात्यात, जावईबापू." वड त्या वर्षी चारशे वर्षांचा होता आणि पुढच्या वर्षी पाचशेचा. मी हटकलंच. मामा माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहत राहिले. "वाढतंय की झाड!"

या छंदापायी घरात एकदाच खरी आणीबाणी उभी राहिली. मामांची एकुलती एक लेक सुनंदा मॅट्रिक झाली होती आणि तिचं लग्न काही केल्या जमेना. मुलीत काही उणं नव्हतं. पहिले पाहुणे आले, त्यांना मामांनी स्टँडवरूनच गाव दाखवायला नेलं आणि मुलाच्या आईचा पाय बारवेच्या पायरीवर मुरगळला. दुसरे पाहुणे तीन तास गाव पाहून इतके दमले, की शेवटची गाडी चुकेल म्हणून मुलगी न पाहताच निघून गेले. इकडे पोह्यांचा दगड झाला होता. तिसरं स्थळ मी आणलं. माझ्या कचेरीतले एक सहकारी, राहणार सदाशिव पेठ. त्यांचा मुलगा शाळेत मास्तर. हेही स्थळ हातचं गेलं तर पुन्हा कोणी या गावाची वाट धरणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. मामींनी मामांना बजावलं, "गावाचा एक शबूद काढलात, तर मी माहेरी निघून जाईन." मामींचं माहेर गावातच, चार घरं सोडून होतं, पण धमकी खरी होती. मामांवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं.

पाहुणे चारजण आले. मामा त्यांना स्टँडवरून सरळ घरी घेऊन आले. वाटेत देऊळ लागलं तेव्हा त्यांनी मान दुसरीकडे वळवली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पोहे झाले, चहा झाला, बोलणं आटलं. मग मुलाचे वडील पुणेरी कोरडेपणाने म्हणाले, "काय हो, इथे पाहण्यासारखं काही आहे, की नुसतेच पोहे?"

मामींचा हात कपाळाकडे गेला. मामा खाली सतरंजीकडे पाहत म्हणाले, "न्हाई. काय न्हाई बगा. सादं खेडं हाय."

इतकं खोटं बोललेला माणूस मी क्वचितच पाहिला आहे.

सुनंदाने हातातला ट्रे खाली ठेवला. "अण्णा! काय नाही कसं म्हणता?" आणि थेट मुलाकडे वळून, "तुम्हाला वेळ आहे?"

"आहे की," मास्तर उठलेच.

"चला," वडील म्हणाले, "बसून तरी कुठे पोहे वाढणार आहेत!"

पदर खोचून ती पुढे आणि पाहुणे मागे. मामा ओट्यावर येऊन उभे राहिले. "उलटी चालली की ही," ते पुटपुटले. "आदी बारव बगायची, मग देऊळ. ऊन डोळ्यावर येईल लोकांच्या."

"मग जा, सांगा," मी म्हणालो.

त्यांनी एक पाय चपलेत घातला आणि पुन्हा काढला. "नगं. तिचे पाव्हणे हायेत."

पावणेदोन तासांनी मंडळी परतली. मुलाचे वडील घाम पुसत म्हणाले, "मुलगी पसंत आहे. राहिलेलं गाव लग्नात बघू." मामी रडायला लागल्या, अत्तारचाचा पेढे घेऊन आले, निम्मी आळी ओट्यावर गोळा झाली.

संध्याकाळी मामा आम्हाला स्टँडवर पोचवायला आले. पाहुणे थोडे पुढे होते. मामा हळूच माझ्याजवळ सरकले. "जावईबापू, तिकडं पुण्यात तिला कोण म्हनंल हो, काय तरी दाखीव म्हणून?"

मी जन्म सदाशिव पेठेत काढला आहे. तिथे मला आजवर कोणीही असं म्हटलेलं नाही.

"मी म्हणेन," मी म्हणालो.